अल्ट्रासॉनिक कोल्ड फोर्जिंगनं पात्याला धार लागते का? (कडबाकुट्टी, कोयते, विळे)

कुट्टीवाला_सेलू (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहायलो.

सेलूत आमचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे दोन ग्राइंडर, वेल्डिंग आणि वडलांची ऐरण. वडील होते तोवर फाळ, वखराच्या पासा शेवटून (तापवून, ठोकून परत धारदार करून) द्यायचं काम जास्त असायचं. आता मशागत ट्रॅक्टरला गेली, म्हणून निम्मा धंदा धारेचा. कडबाकुट्टीची पाती बाराही महिने, सुगीत सोयाबीनचे विळे, दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीचे कोयते.

अडचण अशी की लावलेली धार टिकंना गेलीय. एका दूधवाल्याची पाती आठ दिवसांत परत येतात. तो म्हणतो तुझा हात बसला नाही, मी म्हणतो पोलादच हलकं. दोघं बी खरे असू शकतोत.

परवा फोनवर एक व्हिडिओ आला. मशीनच्या तोंडाला तुरीच्या दाण्याहून बारीक गोळी, ती पात्यावरून हळूहळू सरकायलीय, कर्कश आवाज, आणि मागं आरशासारखी पट्टी. खाली लिहिलेलं, अल्ट्रासॉनिक कोल्ड फोर्जिंग. विकणाऱ्याला फोन लावला. म्हणे, "ग्राइंडर भंगारात टाका, यानं धार लागते आणि वर्षभर जात नाही." किंमत ऐकली तेव्हा मीच फोन कानापासून लांब धरला.

तर विचारायचं हे: यानं खरंच धार लागते का? लोखंड तापवलंच नाही तर घडवलं कसं म्हणायचं? आणि जालन्याच्या भंगारात प्लास्टिक वेल्डिंगची एक जुनी अल्ट्रासॉनिक मशीन मिळायलीय. तिच्यातून घरच्या घरी काही जमतं का?

शंकेखोर_लातूर

वर्षभर धार जात नाही म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, कापायचं काय? लोणी का?

कोयता_बीड

सर 😀

पण भाऊ, प्रश्न चांगला काढला. आमच्या घरी दोन कोयत्यांवर सहा महिने संसार चालतो. धारूरच्या आमच्या घाटात एकेक घर असंच आहे. मी लक्ष ठेवून वाचायलो.

वाळूजकर

भाऊ, मी वाळूजला एका टूलरूममध्ये आहे. या प्रकाराशी थोडाफार संबंध आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर: धार लागत नाही. धार म्हणजे दोन बाजू एका रेषेत मिळणं, आणि त्यासाठी धातू काढावाच लागतो, दगडानं काढा नाहीतर चाकानं. ही गोळी धातू काढत नाही, दाबते. त्यामुळं तुमचा ग्राइंडर भंगारात जाणार नाही. तो व्हिडिओत दिसत नाही, कारण पात्याला धार आधीच लावून ठेवलेली असते किंवा नंतर लावतात.

मग करते काय? वीज दिली की पिझो चकत्या आकसतात-प्रसरतात. हा गुण क्युरी बंधूंनी १८८१ मध्ये प्रयोगानं दाखवला. इथं तेच सेकंदाला सुमारे २०,००० वेळा होतं. चकत्यांपुढं धातूचा एक दांडा असतो, त्याला हॉर्न म्हणतात. तो त्या कंपनाला सुरात जुळवलेला असतो. टायटॅनियम किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर त्याची अर्धी तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणून हे हॉर्न वितीहून बरेच आखूड दिसतात. टोकाला टंगस्टन कार्बाइडची किंवा सिरॅमिकची गोळी. ती पुढं-मागं किती हलते? काही दशक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस त्याहून जाड.

गंमत म्हणून गणित करून बघा. मधल्या जागेपासून दोन्हीकडं २०-२० मायक्रॉनची हालचाल, सेकंदाला २०,००० वेळा. गोळीचा जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे रमतगमत पळणाऱ्या माणसाइतका. यात भीतीदायक काहीच नाही. पण त्वरण काढलं तर ते गुरुत्वाकर्षणाच्या ३०,००० पटींच्या वर जातं. एवढा हलका ठोका, पण एका चौरस मिलिमीटरवर हजारोंच्या संख्येनं.

परिणाम दोन. वरच्या थरातले पोलादाचे कण चुरून फार बारीक होतात, आणि कण जितके बारीक तितका धातू टणक. हॉल आणि पेच या दोघांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हा नियम मांडला. दुसरं, कातडीत कायमचा दाब बसतो. तडा जायला ओढ लागते. कातडी आधीच दाबलेली असेल तर तड्याला तोंड उघडायला जड जातं.

हे मूळ पाणबुड्यांच्या वेल्डिंगसाठी. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात वेल्डिंगचे सांधे फाटू नयेत म्हणून अल्ट्रासॉनिक ठोके द्यायला सुरुवात झाली. 'अल्ट्रासॉनिक कोल्ड फोर्जिंग' हे नाव दक्षिण कोरियातलं. सन मून विद्यापीठातल्या प्यून यांच्या गटानं ते पुढं नेलं, आणि पोलादाच्या पट्ट्यांच्या कडा छाटणाऱ्या ट्रिमिंग नाइफवर वापरलं. एसकेडी ६१ या टूल स्टीलवर त्यांचं काम आहे. आपण त्याला एच १३ म्हणतो.

ऐरण

वाळूजकर, तुम्ही चांगलं सांगितलंत. पण "लोखंड तापवलंच नाही तर घडवलं कसं" याला मी उत्तर देतो, कारण हे काम आमच्या घरात चार पिढ्या आहे.

मुला, तुझ्या वडलांनी विळा घडवताना शेवटी काय केलं असेल ते आठव. लाल करून घडवला, पाणी दिलं (लाल असतानाच पाण्यात बुडवून टणक केला), आणि अगदी शेवटी थंड विळा ऐरणीच्या काठावर धरून हलक्या हातोडीनं धारेच्या कडेकडेनं टकटकटक. गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की आता, द्या. बाप म्हणायचा, थांब. तेच हे. मऊ लोखंडाच्या विळ्याला तर पाणी चढतच नाही, त्याचा सगळा टणकपणा त्या थंड ठोक्यातला. युरोपात गवत कापायच्या मोठ्या विळ्यांना आजही शेताच्या बांधावर बसून असंच ठोकतात, एवढं मी टीव्हीवर पाहिलंय.

तांबटाकडं जा. घागरीवर ते एकसारखे ठोके दिसतात, त्याला मठारणं म्हणतात. लोकांना वाटतं नक्षी आहे. तांबं तापवून मऊ केलेलं असतं, मठारलं नाही तर घागर हातानं चेपंल.

वाळूजकर

काका, 'मठारणं' हा शब्द मी आजपासून वापरणार. अल्ट्रासॉनिक मठारकाम. याहून चांगलं नाव नाही.

शंकेखोर_लातूर

शब्द छान आहे, पण एक फरक विसरू नका. हातोडीचा ठोका धार पातळ करतो, म्हणजे धातू सरकवून आकार बदलतो. म्हणून विळ्याच्या बाबतीत ठोकणं हेच अर्धं धार लावणंही असतं. या गोळीनं आकार जवळपास बदलत नाही. काकांचा ठोका दोन कामं करतो, मशीन एकच करतं, मात्र ते हातापेक्षा फार एकसारखं करतं.

आणि कुट्टीवाले, मशीनचा विचार करण्याआधी धार *कशी* जाते ते पाहिलंत का? मी पॉलिटेक्निकला तीस वर्षं शिकवलं, पोरं हा प्रश्न कधी विचारत नसत. सरळ "कडक करू सर" म्हणायची. धार जाण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ती मुडपते, ती झिजून गोल होते, किंवा तिचा टवका उडतो. मुडपत असेल तर पोलाद मऊ आहे. टवके उडत असतील तर ते आधीच गरजेपेक्षा टणक आहे किंवा पाणी देऊन नंतर उतरवलेलं, म्हणजे परत थोडं तापवून टणकपणा जरा कमी केलेलं, नाही. अशा पात्याची कातडी आणखी टणक करून काय मिळणार? आणि नुसतं गोल होत असेल तर ती झीज. एका रोगाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे पाण्यात.

कुट्टीवाला_सेलू

सर, खरं सांगायचं तर पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. त्या दूधवाल्याच्या पात्यावर कानस चालवली, सरसर चावली. आणि धार नखावर ओढली तर एका बाजूला अडकायलीय, म्हणजे मुडपलेली. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाच्या पात्याला टवके आहेत, तिथं कानस नुसती घसरायलीय.

म्हणजे दोघांना मी इतके दिवस एकच औषध दिलं.

शंकेखोर_लातूर

हे एवढं केलंत, यातच निम्मा धागा संपला. पहिल्याचं पातं बहुधा साध्या पट्टीचं आहे. त्यात कार्बनच नसेल तर पाणी कितीही पाजा, चढणार नाही.

कुट्टीवाला_सेलू

पण सर, एक सांगा. मीच ग्राइंडरवर निळं पाडत असलो तर? घाईत पडतं कधी कधी.

शंकेखोर_लातूर

मग गुन्हेगार तुम्हीच. निळा रंग म्हणजे तिथं पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं. साधं कार्बन पोलाद तिथवर गेलं की टणकपणा उतरतो, आणि धारेची पातळ कड तर क्षणात जाते. शेजारी पाण्याचं डबडं ठेवा, दर ओढीनंतर बुडवा, बोटाला चटका बसायच्या आत.

मुग्धा_नांदेड

मधेच येते, माफ करा. माझा प्रश्न घरगुती आहे, विळीचा. पण त्याआधी एक गोष्ट राहवत नाही. आपण पोलादासाठी कोरियाकडं बघतो आहोत, आणि नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. मुशीतलं पोलाद, ज्याला इंग्रज वुट्झ म्हणत, ते तिथं तयार व्हायचं. निजामाच्या राज्यात आपण आणि ते एकाच मुलखातले. इराणी व्यापारी ते विकत घ्यायला तिथपर्यंत येत, असं व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवलं आहे. तो सर्व्हेच्या तुकडीबरोबर भूशास्त्रज्ञ म्हणून फिरत होता. त्याचं टिपण १८३२ मध्ये छापून आलं.

आता विळी. आईची विळी आहे, पातं अजून कापतं, पण दर पंधरा दिवसांनी गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडं न्यावं लागतं. तिला हे मठारकाम चालेल का?

ऐरण

ताई, वुट्झबद्दल आमच्या आजोबांकडून ऐकलं होतं, "लाल करा पण पिवळं करू नका, चुरा होतो." तेव्हा वाटायचं म्हातारा उगाच सांगतो.

विळीला काही करू नका. धारवाला दर पंधरा दिवसांनी चाकावर पातं खाऊन टाकतो. विळीचं पातं अशानंच बारीक होत जातं, जुन्या विळ्या बघा, कोयरीसारख्या दिसतात. कुरुंदाचा दगड आणा, पाणी घालून महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं ओढा.

मुग्धा_नांदेड

आणला. आईनं तो मसाल्याच्या पाट्याजवळ ठेवला आहे, आता तिथून हलणार नाही.

कोयता_बीड

वाळूजकर दादा, आमच्या कोयत्याचं सांगा की. कोयता ट्रकच्या कमानपट्ट्याचा असतो. लोहार भट्टीत लाल करतो, घडवतो, पाणी देतो. उसाच्या पाचटानं अन् उसाच्या सालीनं धार लई लवकर जाते. दगड खिशातच असतो, दर थोड्या वेळानं ओढायचा. आमची माय म्हणती, ऊस तोडायला जेवढा वेळ तेवढाच कोयता घासायला.

वाळूजकर

दादा, तुमची माय बरोबर म्हणते. उसाच्या पानात आणि सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ. कोयत्याची धार बहुतेक करून झिजून जाते, आणि जमिनीलगत बुडखा मारताना माती-खड्याला लागून मोडते.

कमानपट्टा हे मुळात चांगलं पोलाद, साधारण अर्धा ते सव्वासहा दशांश टक्के कार्बन. आणि त्यातली गंमत अशी की ट्रकमध्ये बसवण्याआधी कारखान्यात पट्ट्याच्या ताणाच्या बाजूवर पोलादी छऱ्यांचा मारा केलेला असतो, त्याला शॉट पीनिंग म्हणतात. तेही मठारकामच, कातडीत दाब भरायचं. पण लोहारानं भट्टीत लाल केला की तो दाब सगळा निघून जातो. कोयता नवा जन्म घेतो.

माझं मत विचाराल तर कोयत्यावर हे मशीन वापरू नका. कोयता दिवसातून दहा वेळा दगडावर जातो, तेही दोन्ही बाजूंनी. जी कातडी टणक केली तीच तुम्ही घासून टाकणार. त्यापेक्षा पाणी नीट द्या आणि नंतर पिवळसर रंग येईपर्यंत उतरवा.

*(दुरुस्ती: वर "सव्वासहा दशांश" असं काहीतरी विचित्र लिहिलं गेलं. सरळ वाचा: ०.५ ते ०.६ टक्के.)*

शंकेखोर_लातूर

दुरुस्ती केली म्हणून वाचलात, मी लाल पेन काढलंच होतं. कोयता मार खातो, म्हणून उतरवताना पिवळ्यावर न थांबता तपकिरी-जांभळ्यापर्यंत गेलात तरी चालेल. थोडा मऊ पडेल पण तुटणार नाही. शेतात तुटलेला कोयता पायात जातो.

कुट्टीवाला_सेलू

मग दादा, कुट्टीच्या पात्याला बी हेच लागू पडतंय की. मी बी घासतोच.

वाळूजकर

इथंच फरक आहे, आणि मला या धाग्यात हेच सांगायचं होतं.

कुट्टीचं पातं हातात घ्या. एक बाजू पूर्ण सपाट, आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट पाठ तोंडाच्या पट्टीला खेटून जाते, कात्रीसारखी. धार लावताना तुम्ही उतारच घासता, पाठीला हात लावत नाही. लावत असाल तर बंद करा. म्हणजे पाठीची कातडी टणक केली, तर उतार कितीही वेळा घासा, धारेची रेषा प्रत्येक वेळी त्या टणक कातडीतच येणार. शेवटची कड त्याच थराची असते.

उंदराचे दात बघा. पुढच्या बाजूला फक्त टणक आवरण, मागं मऊ. मागची बाजू लवकर झिजते, पुढचं आवरण पुढं राहतं, दात कायम धारदार. त्याला कोणी सहाणेवर घालत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर जालन्याची टीएमटी सळई. गरम सळईवर पाण्याचा मारा करून बाहेरची कातडी टणक करतात, आतला गाभा मऊ राहतो. इथं पाण्याऐवजी ठोके, एवढाच फरक.

शंकेखोर_लातूर

उंदीर आणि सळई दोन्ही पटले. पण सळईची टणक कातडी मिलिमीटरमध्ये असते, तुमची ही मायक्रॉनमध्ये. टणकपणा वरच्या काही दशक ते शेदोनशे मायक्रॉनपर्यंत, त्याखाली दाब अजून थोडा खोल. तेवढ्यावर सगळी भिस्त.

आणि वेळ काढा. गोळी मिनिटाला एक मीटर सरकते आणि प्रत्येक ओळीत ०.०५ मिलिमीटर अंतर ठेवलं असं धरू. पातं २५० मिलिमीटर लांब, पाठीची १० मिलिमीटर पट्टी करायची. २०० ओळी, एकूण ५० मीटर, म्हणजे ५० मिनिटं. एका पात्याला! सेलूत धार लावायचे किती घेता?

कुट्टीवाला_सेलू

४० रुपये. त्यातही दूधवाला ३० देतो.

वाळूजकर

सरांनी हिशोब बरोबर मांडला. आमच्याकडं असं मशीन तासाला ४००-५०० रुपयांच्या खाली फिरवत नाहीत. म्हणून ४० रुपयांच्या कामाला हे नाही. ज्याचं पातं महाग, बदलायला मशीन थांबवावं लागतं, तिथं परवडतं. तरी एक सुचवतो. माझ्या ओळखीच्या एका जॉबवर्क करणाऱ्याकडं असं हेड आहे, रिकाम्या वेळात करून देईल. तुम्ही चांगल्या पोलादाची, म्हणजे कानस घसरते तशी, दोन पाती पाठवा. एकाच चाकावरची जोडी. एकाला करू, एकाला नको. कडबा तोच, चाक तेच, फरक दिसेलच.

ऐरण

हे बरोबर. दोन बैल जुंपून बघितल्याशिवाय कोणता ओढतो ते कळत नाही.

कुट्टीवाला_सेलू

पाठवतो. आणि ती भंगारातली प्लास्टिक वेल्डिंगची मशीन?

वाळूजकर

सोडून द्या. हॉर्न सुराला जुळलेला असतो म्हणालो ना, टोकाला तुम्ही गोळी चिकटवली की वजन बदलतं, सूर बिघडतो, जनरेटर ट्रिप होतो किंवा चकत्या तडकतात. आत शेकडो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही उरलेले असू शकतात. आपला जीव सांभाळा.

नवीनच

माझ्या पोराच्या बेकरीत अल्ट्रासॉनिक चाकू आहे केक कापायला. ते हेच का?

वाळूजकर

नाही. तिथं कापताना पातंच थरथरतं म्हणून केक चिकटत नाही. इथं पातं स्थिर असतं, गोळी ठोके मारते, आणि काम झाल्यावर मशीन बाजूला होतं.

कुट्टीवाला_सेलू (दीड महिन्यानं)

मंडळी, पाती आली, चालवली, आणि जे झालं ते सांगतो. वेळ लागला कारण मधे पोळा झाला, मग पाऊस लांबला.

पात्याची पाठ अशी चमकायलीय की दाढी करावी. ओळखायला मी बुडाला पंचचा एक ठिपका मारून ठेवला. बसवायच्या आधी वाळूजकर दादानं सांगितलं होतं म्हणून काचेवर ठेवून बघितलं. ठिपकेवालं पातं पाठीवर ठेवलं की हेलकावतं! मधून फुगलं. बिनठिपक्याचं एकदम सपाट. बोल्ट आवळल्यावर सरळ झालं, पण तोंडाच्या पट्टीशी फट नव्यानं जुळवावी लागली. जाड कागद अडकेल एवढी ठेवली.

जाता जाता सांगतो, जुळवताना कळलं की दूधवाल्याच्या मशीनची फट दोन कार्डं एकत्र जातील एवढी होती. धार कशीही असली तरी कडबा कापला न जाता मुडपूनच आत ओढला जायचा. आठ दिवसांच्या तक्रारीतले चार दिवस त्या फटीचे असतील.

पहिल्या धारेनंतर दोन्ही पाती सारखीच कापत होती. मग बिनठिपक्याचं सोडायला लागलं, कडब्याचा दोरा लोंबायला लागला. ठिपकेवालं त्यानंतर बी बरेच दिवस कापत राहिलं. काढून नखावर ओढलं: उताराची बाजू दोन्हींची सारखीच झिजलेली, पण पाठीकडची कड ठिपकेवाल्याची तीक्ष्ण, दुसऱ्याची गोल झालेली. दादानं सांगितलेला उंदराचा दात मला नखाला लागला.

एवढं लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चौथ्या आठवड्यात कडब्याच्या पेंढीत बांधायची तार आली. कुणाच्या शेतातली कोण जाणे. दोन्ही पात्यांना टवके. ठिपकेवाल्याचा टवका लहान का मोठा हे मोजायला मी गेलो बी नाही, माझा भाऊ हातातली पेंढी सोडून पळाला होता, मी त्याला बघायला गेलो. तो ठीक आहे.

आता टवके निघेपर्यंत उतार घासला, दोन्ही परत चालायलेत. ठिपकेवाल्याची पाठ शाबूत आहे, म्हणजे तो थर अजून कामाला येईल. पण मशीन मी घेणार नाही.

शंकेखोर_लातूर

दोन पात्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मी म्हणणारच होतो, पण तुम्ही निष्कर्ष काढलाच नाही. बरं वाटलं. फुगवटा आला हे अपेक्षित आहे. एका बाजूची कातडी दाबून पसरवली की ती बाजू लांब होऊ बघते, पातं त्या अंगाला फुगतं. शॉट पीनिंगमध्ये तोच फुगवटा पट्टीवर मोजून मारा किती झाला ते ठरवतात. त्याला आल्मेन पट्टी म्हणतात.

वाळूजकर

भाऊ, कर्कश आवाजाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गोळी धातूला लागली की ऐकू येणारा आवाजही होतो, म्हणून कानावर मफ लावूनच उभं राहायचं. आमच्या जॉबवर्कवाल्याच्या दारात एक कुत्रं झोपायचं, मशीन चालू झाल्याच्या दिवसापासून ते समोरच्या चहावाल्याकडं राहायला गेलंय. २०,००० आपल्या कानाच्या शेवटच्या टोकाला, त्याच्या कानाला ते अगदी स्पष्ट.

ऐरण

कुत्र्याला कळलं ते व्हिडिओवाल्याला कळलं नाही.

मुला, ते मऊ पातं, कानस चावणारं, त्याचं काय केलंस?

कुट्टीवाला_सेलू

काका, ते तुमच्या सांगण्यासारखं केलं. ऐरणीच्या काठावर पातं पाठ वर करून टेकवलं आणि वडलांच्या हातोडीनं पाठीला थंड ठोके दिले, पन्नास-साठ, ओळीनं. मग उतारानं धार. एकसारखं नाही आलं, दोन ठिकाणी लहर पडली. दूधवाला म्हणतोय आठाचे बारा दिवस झाले. फट जुळवल्यामुळं का ठोक्यामुळं ते त्याला बी ठाऊक नाही, मला बी.

ऐरण

लहर पडली म्हणजे हातोडी कडेनं लागायलीय. हातोडीचं तोंड आधी घासून जरा फुगीर कर. कोपरा धातूला लागला नाही पाहिजे. आणि कोपर पोटाशी ठेव, मनगटानं मार. दमलास की थांब.

कोयता_बीड

कुट्टीवाले भाऊ, आमची टोळी दसऱ्यानंतर निघायली. चौदा कोयते आहेत, सगळ्यांना नीट पाणी देऊन, सरांनी सांगितलं तसं उतरवून देता का? जांभळ्यापर्यंत. निळं नको पडू देऊ.

कुट्टीवाला_सेलू

देतो की. खंडेनवमीच्या आधी चार दिवस आणा. त्या दिवशी ऐरणीला हळद-कुंकू लागलं की मी हातोडी उचलत नाही. येताना एक कोयता मुद्दाम जुना, टवके उडालेला आणा, तुमच्या लोहारानं कसं पाणी दिलं ते आधी बघतो.

कोयता_बीड

आणतो. तो माझ्या मायचा आहे, परत द्यावा लागंल.